अर्थशास्त्राच्या असाइनमेंटसाठी रोजच्या जगण्यातला प्रसंग कसा निवडावा आणि कसा लिहावा?

प्रश्न: मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. "दैनंदिन जीवनातील एक घटना घेऊन तिला अर्थशास्त्रातील किमान दोन संकल्पना लावून दाखवा" अशी असाइनमेंट होती. मी पेट्रोलच्या दरवाढीवर आठ पाने लिहिली. मॅडमनी "व्याख्या झाल्या, लावल्या कुठे?" असा शेरा मारून ती परत दिली. प्रसंग कसा निवडावा आणि नेमके काय लिहावे?

उत्तर:

तुमच्या मॅडमचा शेरा वाचून मला माझ्या फाइलवरचा शेरा आठवला. तो १९९४ च्या फेब्रुवारीतला आहे, लाल शाईतला आहे, आणि ती फाइल मी अजून टाकलेली नाही. "हा घरगुती हिशेब झाला, यात अर्थशास्त्र कुठे आहे?" असे लिहून सरांनी मला २५ पैकी ११ गुण दिले होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने सोन्याच्या मागणीवर पुस्तकातली चार पाने उतरवली, रंगीत पेन्सिलींनी दोन सुबक आलेख काढले आणि २१ गुण मिळवले. सोन्याचा भाव वाढूनही लग्नसराईत मागणी वाढते, म्हणून मागणीचा नियम तिथे लागू होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो साफ चूक होता. मी गेली अनेक वर्षे एका कारखान्यात कॉस्टिंगचे काम करतो, म्हणजे तसल्याच घरगुती हिशेबांवर माझे घर चालते; तरीही ते दहा गुण मला सलतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझा सूर तिखट लागला तर त्याचे कारण शोधत बसावे लागणार नाही.

पेट्रोलचे आधी उरकतो. तुम्ही बहुधा असे लिहिले असेल, की पेट्रोल ही गरजेची वस्तू आहे, म्हणून तिची मागणी अलवचिक आहे, म्हणून दर वाढूनही खप फारसा घटत नाही. यात काही चुकीचे नाही, पण हे वाक्य तुम्ही पंपावर न जाताही लिहू शकला असता, आणि मॅडमची तक्रार तीच आहे. पेट्रोलचाच हट्ट असेल तर २०२० सालचा टाळेबंदीचा काळ घ्या. १६ मार्चनंतर ६ जूनपर्यंत असे ८२ दिवस तेल कंपन्यांनी आपले दर जागच्या जागी ठेवले होते, एरवी २०१७ च्या जूनपासून त्या काळात ते रोज बदलत असत. कंपन्यांचा दर हलला नाही आणि खप मात्र कोसळला, कारण रस्तेच बंद होते. म्हणजे इथे मागणीचा संकोच (दर वाढल्यामुळे कमी होणारी मागणी) झालेला नाही, मागणीत घट झाली आहे, अख्खा वक्र डावीकडे सरकला आहे. हा फरक ज्याला एका खऱ्या प्रसंगात दाखवता आला, त्याला पहिल्या वर्षाचे निम्मे अर्थशास्त्र आले असे मी समजतो. माझ्या त्या मित्राला तो दाखवता आला नव्हता. लग्नसराईत वक्र उजवीकडे सरकतो आणि नियम आपल्या जागी शाबूत राहतो, एवढे त्याला कळले असते तर त्याचे २१ गुण मी आनंदाने सोसले असते. (आमच्या बडोद्याची मुले हमखास आणखी एक वाक्य लिहितात: कोयलीची रिफायनरी गावाच्या वेशीवर असताना इथे पेट्रोल स्वस्त का नाही? पंपावरच्या दरात कच्चे तेल आणि कर यांचाच वाटा मोठा असतो, वाहतुकीचा अगदी किरकोळ. वेशीचा तिथे फारसा उपयोग नाही.)

आता प्रसंग कसा निवडावा याकडे येतो, आणि त्यासाठी माझ्या ११ गुणांचा प्रसंग सांगणे भाग आहे.

आमचे घर दांडिया बाजाराच्या एका गल्लीत होते आणि घराला रस्त्याच्या अंगाने ओटा होता. १९९३ च्या संक्रांतीला दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, काकांकडून १५०० रुपये उसने घेऊन त्या ओट्यावर पतंगांचे दुकान मांडायचे ठरवले आणि मला हाताखाली घेतले. गेंडीगेटच्या बाजारातून आम्ही ६० कोडी पतंग घाऊक भावाने आणले, २४ रुपये कोडी. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की कोडी म्हणजे वीस पतंग आणि पंजा म्हणजे पाच. आम्ही दहा रुपयांना पंजा विकत होतो, म्हणजे कोडीला ४० रुपये पडत. आई आणि काकू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उदबत्तीच्या टोकाने कागदाला बारीक भोके पाडून किन्न्या, म्हणजे मांजा जोडायचे दोरे, बांधत बसत, आणि किन्ना बांधलेला पतंग आयता हातात पडतो म्हणून गल्लीतली गिऱ्हाइके आमच्याकडे येत. १४ तारखेच्या रात्री, आकाशात तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील, चढलेले असताना, आम्ही गल्ला मोजला. ४६ कोडी गेल्या होत्या, १८४० रुपये जमले होते. म्हणजे मालाचे १४४० सुटून वर ४०० राहिले होते, आणि १४ कोडी पतंग अजून ओट्यावर शिल्लक होते.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे १५ तारखेच्या, सकाळी अकराच्या सुमाराला वाघोडियाकडचा एक माणूस दोन मुलांना सायकलवर घेऊन आला. बहिणीकडे सणाला आला होता, दुपारी परत निघणार होता, आणि गावातल्या पोरांसाठी त्याला उरलेला सगळा माल हवा होता. त्याने कोडीला १५ रुपये देऊ केले. चौदा कोड्यांचे २१० रुपये झाले असते. दादा म्हणाला, "घेतल्या भावाच्या खाली एकही पतंग जाणार नाही." माणसाने वीस सेकंद वाट पाहिली, मुलांना पुन्हा सायकलवर बसवले आणि पुढच्या ओट्यावर गेला. त्यानंतर ओट्यावर आम्हां दोघांचे जे झाले त्याला भांडण म्हणणे सौम्य ठरेल. शेवटी काकूंनी दोघांना आत ओढून दार लावले.

माझे म्हणणे असे होते, की ते २४ रुपये आता घाऊक व्यापाऱ्याच्या खिशात आहेत. आपण १५ ला विकले, पाचाला विकले किंवा सगळे पतंग गच्चीवरून सोडून दिले, तरी ते परत येणार नाहीत. म्हणून ठरवताना त्यांच्याकडे बघायचेच नाही. बघायचे एवढेच, की आत्ता हातात येणारे २१० जास्त, की हा माल ठेवून पुढे जे मिळेल ते जास्त. दादाचे म्हणणे त्याच्या शब्दांत दोन वाक्यांचे होते. पहिले, "३३६ चा माल २१० ला दिला की १२६ चा तोटा झाला." दुसरे, "आणि आज १५ ला दिले हे गल्लीला कळले, की पुढच्या वर्षी ४० कोणी देणार नाही." दुसरे वाक्य मी त्या दिवशी ऐकलेच नाही. ऐकले, पण अडेलपणात जमा केले.

पतंग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. पुढच्या जानेवारीत सोडले तेव्हा काहींना उंदीर लागले होते, पावसाळ्यातल्या ओलीने काहींचे कागद काड्यांपासून सुटले होते, कमानी वाकल्या होत्या. विकण्याजोग्या जेमतेम पाच कोड्या निघाल्या. घाऊक भाव तोवर २६ झाला होता, म्हणजे त्या पाच कोड्यांमुळे आमची १३० रुपयांची खरेदी वाचली. २१० सोडून १३०, आणि तेही वर्षभर थांबून. यातले ३३६ हा बुडीत खर्च, आणि माळ्यावर पतंग ठेवण्यासाठी सोडून दिलेले २१० हा त्या ठेवण्याचा वैकल्पिक खर्च. (तुमच्या पुस्तकात संधी खर्च असेल. मी गुजराती माध्यमात शिकलो, तोंडात तोच शब्द बसला आहे. लवचिकतेलाही मी अजून मूल्यसापेक्षता म्हणून जातो.) पुस्तकांतून बुडीत खर्चासाठी काँकॉर्ड विमानाचे उदाहरण येते, ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून त्यावर किती पैसा ओतला आणि आता एवढा घातलाच आहे म्हणून पुढेही कसा घालत राहिले, ते. उदाहरण उत्तम आहे, पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्या विमानातला एक रुपयाही मोजता येत नाही. माझ्या चौदा कोड्या मला मोजता येत होत्या.

१९९४ च्या उत्तरायणाला दादा नोकरीनिमित्त अंकलेश्वरला होता आणि दुकान माझ्या एकट्याच्या हाती होते. मी तत्त्वाला जागलो. १४ तारखेला दुपारी तीनला भाव ३० वर आणला, दिवेलागणीला २० वर, आणि वासी उत्तरायणाच्या सकाळी १२ वर. दुपारपर्यंत ओटा झाडून रिकामा झाला. फेब्रुवारीत असाइनमेंट आली तेव्हा मी दोन्ही वर्षांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले, दादाचे पहिले वाक्य अवतरणचिन्हांत दिले, त्याखाली बुडीत खर्चाचा विचार लिहिला आणि विजयी मुद्रेने फाइल नेऊन दिली. त्यात आलेख नव्हता. पुस्तकातले एकही वाक्य नव्हते. ११ गुण.

सरांचे मत आजही मला मान्य नाही. "घरगुती हिशेब" हा शब्द त्यांनी हिणवण्यासाठी वापरला होता, आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने तो तसा वापरणे मला अजून विचित्र वाटते. घर, ओटा, गल्ला, उरलेला माल यांचा हिशेब अर्थशास्त्रात बसत नसेल, तर मग बसते तरी काय? विद्यार्थ्याने आधी संकल्पना ठरवावी आणि मग तिला शोभेल असे उदाहरण शोधावे, ही पद्धत त्यांच्यासारख्यांनीच रूढ केली, आणि तुमची पेट्रोलची आठ पाने तिचेच फळ आहेत. तुम्ही उलट्या बाजूने चला. ज्यात तुम्ही स्वतः हजर होता, ज्यात कोणीतरी पैशांवरून किंवा वेळेवरून निर्णय घेतला, आणि तो चुकला असे तुम्हाला तेव्हा वाटले होते, असा प्रसंग घ्या. भांडण झालेले असेल तर फारच चांगले, कारण भांडणात दोन्ही बाजूंची कारणे मोठ्याने बोलली जातात आणि लक्षात राहतात. आकडे लिहून काढा. मग बघा, की त्या आकड्यांपैकी कोणते निर्णयाच्या क्षणी बदलण्यासारखे होते आणि कोणते आधीच ठरून गेले होते. संकल्पना आपोआप पुढे येतात; त्यांची नावे शेवटी लिहिली तरी चालतात. व्याख्या प्रत्येकी एका ओळीत बसते, तिला पान देऊ नका.

पण मी जी चूक केली ती करू नका, आणि ती कळायला मला आणखी एक वर्ष लागले. फाइल परत देताना सरांनी वर्गात तोंडी एकच प्रश्न विचारला होता, "आणि पुढच्या वर्षी?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षीही असेच." ते हसले आणि पुढच्या फाइलकडे वळले. १९९५ च्या जानेवारीत मी ५५ कोडी घेऊन बसलो. १२ तारखेला गल्लीतले एक काका आले, पतंग उजेडात धरून पाहिले, कमान वाकवून पाहिली, भाव विचारला आणि हसून म्हणाले, "१४ ला तीननंतर येतो रे." तसे पुष्कळ जण आले आणि तसेच गेले. एरवी १४ च्या दुपारपर्यंत तीसेक कोडी खपत. त्या वर्षी १७ खपल्या. मला १४ ला दुपारी बारा वाजताच भाव पाडावा लागला, आणि ज्यांनी सकाळी पूर्ण भावाने घेतले होते ते दुपारी भांडायला आले. दादाचे दुसरे वाक्य तंतोतंत खरे झाले होते.

पुढे एम.कॉम.ला असताना कळले, की रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना १९९१ चे नोबेल मिळाले, १९७२ मध्ये याच्याशी जवळचा प्रश्न मांडला आहे: टिकाऊ वस्तूचा मक्तेदार पुढे भाव उतरवणार हे गिऱ्हाइकाने ओळखले, की गिऱ्हाईक थांबते, आणि मक्तेदाराची स्पर्धा स्वतःच्याच उद्याच्या भावाशी सुरू होते. पतंग फार टिकाऊ नाही आणि गल्लीत आमच्याखेरीज आणखी तीन ओटे होते, त्यामुळे तो विचार आम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी गिऱ्हाईक आठवण ठेवते, हा भाग लागू होतो, आणि मी तो असाइनमेंटमधून गाळला होता, कारण तो माझ्या बाजूने नव्हता. सरांच्या प्रश्नात तो होता. त्यांनी तो लाल शाईने फाइलवर लिहिला असता आणि "घरगुती" हा शब्द गाळला असता, तर आज मी त्यांच्याबद्दल वेगळ्या सुरात लिहिले असते.

म्हणून लिहिताना समोरच्याचे सर्वांत बळकट वाक्य शोधून ते आधी मांडा. दादाची दोन वाक्ये मी वेगळी केली असती, तर मला दिसले असते, की पहिले बुडीत खर्चाच्या गोंधळातून आलेले आहे आणि चूक आहे. दुसरे अपेक्षांबद्दलचे आहे आणि बरोबर आहे. त्याहून पुढची गोष्ट मला फार उशिरा सुचली. दुसरे वाक्य गल्लीतल्या गिऱ्हाइकाला लागू होते, वाघोडियाच्या माणसाला नाही. तो आमच्या ओट्यावर पूर्वी कधी आला नव्हता, दुपारी गावाला परत जाणार होता, आणि त्याला १५ ने दिल्याचे गल्लीत कळण्याचे काही कारण नव्हते. घाऊक उचलणाऱ्या परगावच्या माणसाला वेगळा भाव आणि गल्लीला वेगळा, ही मूल्यभेदाची साधी संधी होती. म्हणजे १९९३ ला दादा चुकला आणि १९९४ ला मी चुकलो. हे मी त्याला गेल्या संक्रांतीला गच्चीवर, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळत असताना, रीतसर सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि ढील द्यायला सांगितली.

दोन गोष्टी राहिल्या. माझ्या दोन्ही तक्त्यांत आई आणि काकूंची मजुरी शून्य धरलेली आहे. त्यांच्या रात्रींना काही किंमत लावली असती, तर १९९३ चे ते ४०० रुपये लेखापालाचा नफा म्हणून उरले असते. अर्थशास्त्राच्या अर्थाने नफा किती उरला असता, याबद्दल मला आता शंका आहे. तुम्ही घरातल्या व्यवसायावर लिहिणार असाल तर हा मुद्दा सोडू नका, निम्मा वर्ग सोडतो. आणि पतंगांवरच लिहायचे असेल तर नायलॉनच्या मांज्याचा विचार करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. मांजा स्वस्त आणि न तुटणारा. त्याची खरी किंमत मात्र चुकवतात ती दुचाकीवरून जाणारी माणसे आणि पक्षी, ज्यांचा त्या खरेदीविक्रीशी काही संबंध नसतो. नकारात्मक बाह्यतेचे याहून स्वच्छ उदाहरण आपल्या गावात मला माहीत नाही. बंदी घालावी की कर लावावा, हा पिगू या अर्थशास्त्रज्ञापासून चालत आलेला वाद तिथे थेट उभा करता येतो. फक्त भाव विचारण्यासाठी बंदीचा माल विकणाऱ्यांकडे जाऊ नका.

मॅडम आलेख मागत असतील तर एक आलेख काढा. मी काढला नाही, कारण मला तो आपल्या अकलेचा अपमान वाटला होता. तो नुसता हट्ट होता आणि तो मला दोनचार गुणांना पडला असावा.

हे उत्तर टाकण्याआधी दादाला वाचायला दिले. पूर्ण वाचून झाल्यावर त्याने विचारले, की उंदरांनी खाल्लेल्या त्या नऊ कोड्यांच्या काड्यांचे आपण दिवाळीला आकाशकंदील केले होते, ते १३० मध्ये धरलेस का? धरले नव्हते.